कारकिर्दीतील कुंठितता

कारकिर्दीतील कुंठितता म्हणजे नोकरीच्या ज्या टप्प्यावर पुढील पदोन्नतीची शक्यता फारच कमी उरते किंवा कामातून नवे काही शिकण्यासारखे राहत नाही, अशी अवस्था होय. ही अवस्था कोणत्याही वयात येऊ शकते. मात्र ती प्रामुख्याने मध्यवयात, म्हणजे साधारणपणे चाळिशी व पन्नाशीत, जाणवते. कामातील उत्साह ओसरणे, लक्ष विचलित होणे आणि पूर्वी सहज होणारे काम ओझे वाटणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. व्यवस्थापनशास्त्र आणि औद्योगिक मानसशास्त्र या दोन्ही शाखांत या विषयाचा अभ्यास केला जातो.

संकल्पनेचा विकास

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी इ.स. १९५० मध्ये मांडलेल्या मनोसामाजिक विकासाच्या सिद्धान्तात मध्यवयाचा मुख्य संघर्ष ‘सर्जकता विरुद्ध साचलेपणा’ असा सांगितला आहे. पुढील पिढीसाठी काही घडवण्याची प्रेरणा या वयात प्रबळ होते आणि तिला वाट न मिळाल्यास साचलेपणाची भावना येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅनडात जन्मलेले मनोविश्लेषक एलियट जाक्स यांनी इ.स. १९६५ मधील निबंधात कलावंतांच्या चरित्रांच्या आधारे ‘मध्यवयीन संकट’ ही संज्ञा रूढ केली.

नोकरीच्या संदर्भात या प्रश्नाची स्वतंत्र मांडणी इ.स. १९७७ मध्ये थॉमस फेरेन्स, जेम्स स्टोनर आणि कर्बी वॉरेन या अमेरिकी अभ्यासकांनी केली. कुंठितता हे अकार्यक्षमतेचे लक्षण नाही, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा होय. बढतीची शक्यता नसूनही चांगले काम करणारा एक मोठा वर्ग प्रत्येक संस्थेत असतो आणि संस्थेचे बहुतांश काम तोच पार पाडतो. संस्थेने या वर्गाकडे दुर्लक्ष केल्यास त्यातील काही जण कालांतराने खरोखरच निष्क्रिय होतात, असा इशारा त्यांनी दिला.

प्रकार

ज्युडिथ बार्डविक यांनी इ.स. १९८६ मध्ये कुंठिततेचे तीन प्रकार सांगितले.

• संरचनात्मक कुंठितता : वरची पदे कमी असल्यामुळे बढती थांबते.
• आशयात्मक कुंठितता : कामावर पूर्ण प्रभुत्व आल्यामुळे त्यात आव्हान उरत नाही.
• जीवनविषयक कुंठितता : नोकरीबाहेरच्या आयुष्यालाही दिशा उरली नाही, असे वाटू लागते.

पहिल्या दोन प्रकारांतील भेद उपायांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बढती न मिळताही काम रंजक राहू शकते. उलट वेतन वाढत असतानाही काम नीरस होऊ शकते.

कारणे

संरचनात्मक कुंठिततेचे मूळ संस्थेच्या निमुळत्या रचनेत असते. आठ कर्मचाऱ्यांवर एक पर्यवेक्षक असेल, तर ते पद रिकामे झाले तरी आठांपैकी सात जणांना ते मिळू शकत नाही. विशीत नोकरीला लागलेली व्यक्ती चाळिशीत पोहोचते तेव्हा हे गणित तिच्या प्रत्यक्ष अनुभवाला येते. त्या वेळी सेवेची बरीच वर्षे शिल्लक असतात आणि घरखर्च, मुलांचे शिक्षण व आई-वडिलांची देखभाल यांमुळे नोकरी बदलण्याची जोखीम घेणे कठीण असते.

एकाग्रता कमी होण्याचे कारण बरेचदा सरावातच दडलेले असते. अंगवळणी पडलेले काम करताना मनाला फारसे गुंतावे लागत नाही. त्यामुळे ते इतरत्र भटकते. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांच्या इ.स. १९७६ मधील प्रतिमानानुसार कौशल्यांतील विविधता, कामाची सलगता, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि परिणामांची माहिती या पाच गुणांवर कार्यप्रेरणा अवलंबून असते. वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या कामात यांतील पहिला गुण सर्वांत आधी क्षीण होतो.

इतर अवस्थांपासून फरक

कुंठितता आणि कार्यजन्य थकवा या भिन्न गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत थकव्याची तीन अंगे नोंदवली आहेत : शक्तिक्षय, कामाविषयी दुरावा किंवा नकारात्मकता आणि घटलेली कार्यक्षमता. संघटना त्याला आजार न मानता व्यवसायाशी संबंधित घटना मानते. थकव्याचे मूळ दीर्घकाळच्या न आवरलेल्या ताणात असते, तर कुंठिततेचे मूळ आव्हानाच्या किंवा संधीच्या अभावात असते. विश्रांतीने थकवा काही अंशी उतरतो. कुंठित व्यक्ती मात्र रजेवरून परतल्यावर त्याच ठिकाणी येऊन थांबते.

निरुत्साह आणि विस्मरण यांमागे नैराश्य, थायरॉईडचे विकार, रक्तक्षय, मधुमेह, निद्राविकार किंवा स्त्रियांमधील रजोनिवृत्तीचा काळ ही कारणेही असू शकतात. लक्षणे कामाबाहेरही टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

भारत आणि महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या प्रशासकीय परिभाषेत ‘कुंठितता’ हा शब्द रूढ आहे. पदोन्नतीअभावी एकाच पदावर राहणाऱ्या गट क व गट ड मधील कर्मचाऱ्यांसाठी राज्य शासनाने १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती योजना लागू केली. तिच्यानुसार बारा वर्षांच्या नियमित सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळत असे. पुढे तिची जागा सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेने घेतली. सातव्या वेतन आयोगानंतर या योजनेत १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर असे तीन लाभ देण्यात आले. केंद्र शासनाने १९९९ मध्ये १२ व २४ वर्षांनंतर लाभ देणारी योजना आणली आणि २००८ मध्ये तिचे रूपांतर १०, २० व ३० वर्षांच्या योजनेत केले.

या योजनांमुळे आर्थिक अन्याय कमी होतो. मात्र वेतन वाढले तरी कामाचे स्वरूप सहसा तेच राहते. त्यामुळे आशयात्मक कुंठिततेवर त्यांचा प्रभाव मर्यादित असतो.

उपाय

संस्थेच्या पातळीवर कामांची अदलाबदल, नवे प्रशिक्षण, अनुभवी कर्मचाऱ्यांकडे नवोदितांचे मार्गदर्शन सोपवणे आणि निर्णयाचे स्वातंत्र्य वाढवणे हे उपाय सुचवले जातात. यांपैकी मार्गदर्शनाची जबाबदारी एरिक्सन यांच्या सर्जकतेच्या कल्पनेशी थेट जुळते.

व्यक्तीच्या पातळीवर एमी रेझनेस्की व जेन डटन यांनी इ.स. २००१ मध्ये ‘कामाची स्वतः केलेली घडण’ ही कल्पना मांडली. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी स्वतःला रुग्णसेवेचा भाग मानून रुग्णांशी संवाद साधत आणि त्यानुसार आपल्या कामाची आखणी करत. त्यांना ते काम अधिक अर्थपूर्ण वाटे, असे या अभ्यासकांनी दाखवले.

मतभेद

अँड्र्यू क्लार्क, अँड्र्यू ऑस्वाल्ड आणि पीटर वॉर यांनी इ.स. १९९६ मध्ये पाच हजारांहून अधिक ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, कामातील समाधान वयानुसार आधी घटते व नंतर निवृत्तीपर्यंत वाढत जाते, असे नोंदवले. मात्र असा आलेख सर्वत्र आढळतो की नाही, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. मध्यवयीन संकट प्रत्येकाला येतेच, ही समजूतही संशोधनाने मान्य केलेली नाही. कुंठिततेकडे केवळ वयाचा परिणाम म्हणून पाहिल्यास कामाच्या रचनेतील दोष झाकले जातात आणि ठपका कर्मचाऱ्याच्या आळसावर येतो, हा आक्षेप या चर्चेत महत्त्वाचा मानला जातो.