कूर्मदासकथा आणि बालचित्रपुस्तकातील अपंगत्वाचे चित्रण

सणावारांच्या निमित्ताने मुलांना सांगितल्या जाणाऱ्या मराठी कथांत अपंग व्यक्ती अपरिचित नाही; तिच्या वाट्याला येणारी भूमिका मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. अनेक व्रतकथांत शारीरिक व्यंग हे शापाचे वा पापाचे चिन्ह असते आणि व्रतपूर्तीनंतर ते नाहीसे होते. देह दुरुस्त झाल्याखेरीज कथा सुखान्त होत नाही, असा हा संकेत आहे. त्याला छेद देणारी कथा वारकरी परंपरेत आढळते. ती कूर्मदासाची.

महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ही कथा येते. पैठणचा कूर्मदास हातापायांनी विकल. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून तो एकादशीसाठी निघतो आणि देह सरपटत नेत माढा तालुक्यातील लऊळपर्यंत पोहोचतो. पुढे जाणे अशक्य होते, तेव्हा तो यात्रेकरूंबरोबर विठ्ठलाला निरोप धाडतो. विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांसह त्याच्या भेटीस येतो. येथे चमत्कार आहे. परंतु कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. बदलते ती देवाची जागा, भक्ताचा देह नव्हे.

या कथेचे चित्रपुस्तक करताना खरी कसोटी चित्रकाराची लागते. चित्रपुस्तकात अर्थाचा मोठा भार चित्र वाहते. संहिता करुणेचा शब्दही न उच्चारता चित्र करुणा लादू शकते. कूर्मदास वरून पाहिलेला दाखविला, तर तो केवळ दीन दिसेल. तोच जमिनीच्या पातळीवरून रेखाटला, तर वाटेची धूळ, वारकऱ्यांची पावले आणि मागे पडलेले अंतर दिसेल. बालवाचक त्याची कीव न करता त्याच्याबरोबर प्रवास करील.

तथापि या कथेची एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. अंतर मिटते ते कृपेने. पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेशी निगडित सुजाता पद्मनाभन यांच्या चुस्कित या लडाखी मुलीच्या चित्रकथेत हेच सूत्र लौकिक पातळीवर येते. चुस्कितला चालता येत नाही आणि शाळेची वाट खडबडीत आहे. शाळेतील मुले मिळून ती वाट सपाट करतात. येथेही नायिका बरी होत नाही, वाट बरी होते. देवाने केले ते येथे सवंगडी करतात.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे सणाच्या बालपुस्तकाकडून काय अपेक्षावे, हे स्पष्ट होते. मुळशीतील चांद्यासारख्या गावात आषाढीला शाळेची बालदिंडी निघेल, तेव्हा चालू न शकणारे मूल ओट्यावर बसून पाहणार की दिंडीत असणार, हा प्रश्न पुस्तकाबाहेरचा वाटतो. पण त्याचे उत्तर मुलांना प्रथम पुस्तकातील चित्रात दिसावे लागते.