ताण आणि भरून येणारी जखम
अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली गेली; एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. तीच माणसं, तेवढीच जखम. पण परीक्षेच्या काळात ती भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. १९९८ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण मनावरच्या ताणाचा परिणाम इथे चक्क दिवसांत मोजता आला. ताणाखाली संरक्षक पेशींना जखमेकडे बोलावणारे रासायनिक संदेश मंदावतात. याच विद्यापीठाच्या २००५ सालच्या अभ्यासात, नियमित व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांच्या जखमा सुमारे दहा दिवस लवकर भरल्या. ऑपरेशननंतर जास्त दुखत राहिलं, तर जखम सावकाश भरते, असंही दिसलं आहे. तेव्हा दुखणं सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा.