विश्लेषण : स्पोर्ट्स कारचे इंजिन गचके का खाते, गरम का होते? आधी काय तपासायचे?

सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे मुंबईहून निघायचे, मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी किंवा तलासरीपर्यंत जाऊन यायचे, हा स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांच्या आवडीचा बेत. जाताना रस्ता मोकळा मिळतो. परतताना मनोर, वसई फाटा, वर्सोवा पूल अशी कोंडी वाट बघत असते. याच टप्प्यात दोन तक्रारी डोके वर काढतात. कोंडीत तापमानाचा काटा चढू लागतो आणि पुढे रस्ता मोकळा होऊनही अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन अडखळते, गचके देते. या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून एकेक सुटा भाग बदलत गेल्यास बिल फुगते, पण दुखणे राहते. प्रत्यक्षात अनेकदा दोन्हींचे मूळ एकच असते. ते शोधायचे कसे आणि दुर्लक्ष केल्यास काय होऊ शकते, याविषयी...

इंजिन अडखळते म्हणजे नेमके काय होते?

गॅरेजच्या भाषेत ‘गाडी पिकअप घेत नाही’ किंवा ‘मिसिंग मारते’. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी वेळेवर लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, वेगवेगळ्या सेन्सरच्या मदतीने करतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच हवा तत्काळ आत शिरते. त्याच क्षणी पेट्रोलही वाढले नाही तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन दम खाते. पेट्रोल पंपाचा दाब कमी असणे, इंजेक्टर तुंबणे किंवा रबरी पाइपला चीर पडून मोजमापाबाहेरची हवा आत येणे, ही त्याची नेहमीची कारणे.

ठिणगीचे गणित वेगळे आहे. जोर वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे कमकुवत कॉइल किंवा झिजलेला प्लग सावकाश चालवताना निभावून नेतो, पण ओव्हरटेक करताना दगा देतो.

इंजिनातील उष्णता जाते कुठे?

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली कूलंट, ऑइल व इंजिनाच्या पत्र्यावाटे बाहेर टाकावी लागते. बोईसरजवळचे तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून याच अडचणीवर समुद्राच्या पाण्याने मात करत आहे. तिथेही निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते, बाकीची उष्णता वाहून न्यावी लागते. गाडीजवळ समुद्र नसतो. तिचा समुद्र म्हणजे रेडिएटरच्या जाळीतून जाणारी हवा.

रेडिएटरचे झाकण यात मोठी भूमिका बजावते. प्रेशर कुकरप्रमाणे आत दाब राखल्याने द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण एरवी साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते. दाबाखाली ते १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हे संरक्षण जाते. बाकी सगळे ठीक असूनही गाडी ‘उकळते’ ती अशी.

गचके आणि गरमी यांचा संबंध काय?

संबंध दोन्ही बाजूंनी आहे. टर्बो असलेल्या इंजिनात हवा दाबताना ती तापते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण कोंडीत उभ्या गाडीचा इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो. गरम हवेमुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा वेडेवाकडे पेटण्याचा धोका असतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो आणि टर्बोचा दाब घटवतो. चालकाला हेच ‘गाडी मंदावली’ असे जाणवते. कोंडीतून सुटल्यावर काही मिनिटांत ताकद परत आली तर तो बिघाड नव्हे, इंजिनाने केलेला स्वतःचा बचाव असतो. ताकद परत आलीच नाही, तर मात्र शोध घ्यायला हवा.

उलट बाजू अधिक धोक्याची आहे. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळू लागते. तो लालबुंद होऊ शकतो, आतली जाळी वितळू शकते. डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’ दिवा सतत पेटलेला असेल तर लवकर तपासणी करायची. तो लुकलुकत असेल तर नुकसान त्याच क्षणी सुरू आहे असे समजून जोर कमी करायचा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवायची. अशी तापलेली गाडी रस्त्याकडेच्या सुक्या गवतावर उभी करू नये.

दोन्ही तक्रारी एकदम निर्माण करणारे काही बिघाडही आहेत. कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला, तर पंखा वेळेवर सुरू होत नाही आणि पेट्रोलचे प्रमाणही बिघडते. हेड गॅस्केट फुटले तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरून सकाळी गाडी सुरू करताना ती अडखळते आणि जळलेला वायू कूलंटमध्ये जाऊन इंजिन तापते. अल्टरनेटर कमजोर असेल किंवा अर्थिंगची वायर गंजली असेल, तर पंखा हळू फिरतो आणि कॉइललाही पुरेसा दाब मिळत नाही. शेवटचा बिघाड सर्वांत स्वस्तात सुटणारा, आणि सहसा सर्वांत शेवटी तपासला जाणारा.

स्पोर्ट्स कारमध्येच हे जास्त का?

कमी जागेत जास्त ताकद, हे मुख्य कारण. मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेल्या अवंतीसह अनेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन आसनांच्या मागे असते. तिथे समोरचा वारा थेट पोहोचत नाही. पोर्शे ९११चे इंजिन तर पार मागे. १९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत ते हवेने थंड होत असे. नंतर कूलंट आले आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत गेले. तिथे पाने आणि कचरा साचतो आणि बाहेरून तो दिसतही नाही. लांब पाइपांमुळे कूलंट बदलताना हवेचा बुडबुडा अडकण्याची शक्यताही वाढते. तो नीट काढला नाही तर नवे कूलंट घालूनही गाडी तापतेच.

उष्णतेचे नियोजन चुकले की काय होते, हे २०१०मध्ये फेरारीने अनुभवले. ‘४५८ इटालिया’च्या चाकावरील पोकळीत उष्णतारोधक पत्रा चिकटवण्यासाठी वापरलेला गोंद अतितापाने पेट घेऊ शकतो, हे स्पष्ट झाल्यावर कंपनीने १,२४८ गाड्या परत बोलावल्या. गोंदाऐवजी धातूच्या फासण्या वापरून प्रश्न सोडवला गेला. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी काढलेले पत्रे आणि गाडीखालचे प्लास्टिकचे आवरण ‘बिनकामाचे’ म्हणून बाजूला ठेवू नये. गतिरोधकावर घासून ते तुटले असेल तर नवे बसवावे. अनेक गाड्यांत हवा रेडिएटरकडे वळवण्याचे कामही तेच करते.

पालघर-बोईसरच्या हवेचा काही परिणाम?

किनाऱ्यालगतची खारी, दमट हवा अ‍ॅल्युमिनियमची जाळी, वायरचे जोड आणि अर्थिंगचे बोल्ट खाते. तारापूर औद्योगिक वसाहतीची भर वेगळीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. अशा हवेत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे विजेचे जोड वर्षातून एकदा तरी उघडून साफ करावेत. रेडिएटर पाण्याने धुताना फवारा हलका ठेवावा. जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या नाजूक पाकळ्या दुमडतात आणि हवेचा मार्गच बंद होतो.

ई-२० पेट्रोलचा दोष किती?

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री देशात ६ फेब्रुवारी २०२३पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शुद्ध इथेनॉलला जळण्यासाठी सुमारे नऊपट हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या आधुनिक गाड्या हा फरक मर्यादेत भरून काढतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना ते जमत नाही, त्यांचे मिश्रण पातळ होऊन गचके बसू शकतात. इथेनॉलला न जुमानणारे रबर नसलेल्या जुन्या पाइपांचाही प्रश्न असतो. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात ई-१०साठी जुळवलेल्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत ६ ते ७ टक्के घट अंदाजली होती.

मात्र प्रत्येक गचक्याचे खापर इथेनॉलवर फोडणेही चुकीचे. त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि वाफ होताना ते हवा थंड करते, त्यामुळे नॉकिंगला विरोधच होतो. खरी काळजी पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची. इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषते. प्रमाण वाढले की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो आणि पंप नेमका तोच ओढतो. अशा गाडीत जुने पेट्रोल राहू देऊ नये.

तपासणीचा क्रम कसा असावा?

भाग बदलण्याआधी एक प्रश्न विचारायचा : त्रास नेमका कधी होतो?

- उभी असताना तापते, धावताना ठीक राहते : पंखा, त्याचा रिले, फ्यूज, वायरिंग, तुंबलेली जाळी.
- धावताना तापते : आतून तुंबलेला रेडिएटर, वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट.
- फक्त जोर लावल्यावर अडखळते : प्लग, कॉइल, पेट्रोलचा दाब, टर्बोचे पाइप.
- रिकाम्या गिअरमध्येही थरथरते : हवेची गळती, इंजेक्टर.

त्यानंतर स्कॅनर लावावा. ‘पी-०३००’ म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकते आहे, ‘पी-०१७१’ म्हणजे मिश्रण पातळ आहे. मात्र कोड लक्षण सांगतो, कारण नव्हे. एका सिलिंडरची तक्रार असेल तर त्याची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी. तक्रारही सरकली तर कॉइल दोषी. हवेची गळती धूर सोडून, पेट्रोलचा दाब गेज लावून, कूलंटची गळती थंड इंजिनावर दाब देऊन कळते. गॅस्केटची शंका असल्यास कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रावाची चाचणी होते. रंग पिवळा झाला तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आहे. या चाचण्यांचा खर्च एका चुकीच्या सुट्या भागापेक्षा क्वचितच जास्त असतो.

महामार्गावर काटा लाल रेषेकडे गेला तर?

एसी बंद, हीटर पूर्ण वेगात. इंजिनाची काही उष्णता केबिनमध्ये येते. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल. काटा तरीही उतरत नसेल तर इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागा गाठावी आणि इंजिन बंद करावे. ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ हा मोह सर्वांत महाग पडतो : अ‍ॅल्युमिनियमचे हेड काही मिनिटांत वाकू शकते. झाकण उघडायचे नाही; दाब सुटताच उकळता द्रव अंगावर उडतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही टाळावे, धातूला तडा जातो. जळका वास किंवा धूर दिसला तर सर्वांनी गाडीपासून लांब जावे आणि बॉनेट उघडून पाहू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असल्याने फ्लॅटबेड टोइंगच मागवावे.

गॅरेजमध्ये जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात : काटा किती चढला, गाडी उभी होती की धावत, एसी सुरू होता का, दिवा स्थिर होता की लुकलुकत होता. मेकॅनिकचा अर्धा दिवस आणि मालकाचा एखादा अनावश्यक सुटा भाग त्यानेच वाचतो.