गंजलेला बोल्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरांत एका जुन्या मालमोटारीचे भाग सुटे करतांना मी नुकतेंच पाहिलें. कित्येक पावसाळे उघड्यावर काढलेल्या त्या गाडीचा एक बोल्ट कांहीं केल्या हलेना. शिकाऊ मुलगा पान्याला लोंबकळला, तोंच बोल्टाचें डोकेंच तुटलें!

असें कां व्हावें? गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फटी त्यानें भरल्या, कीं नट व बोल्ट जणूं एकजीव होतात. येथें जोर नव्हे, धीर कामास येतो. प्रथम तारेच्या ब्रशानें गंज खरवडावा. मग पातळ तेल सोडून रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजास तडे जाऊन तेल आंत शिरतें. पाना आधीं किंचित् आवळावा, मग उलट फिरवावा.

तरीही न सुटल्यास तेल पुसून नट तापवावा. शाळेंतील गोळा व कडें यांचा प्रयोग आठवा: कडें तापलें म्हणजे रुंदावतें, तसाच नट सैल होतो. मात्र पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत कदापि नेऊं नये.

तुटलेला बोल्ट भोंक पाडून काढण्यांत त्या मुलाचा अर्धा दिवस गेला. एका रात्रीचा धीर त्याहून स्वस्त नव्हे काय?