डोक्याच्या जागेवर आलेली पोरे आणि त्यांना घडविणारे गुरू

मैदानावर कुणी धावायचे, कुणी मार खायचा आणि कुणी हुकूम सोडायचे, हे कोण ठरविते? आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. जातीने माणसांची कामे वाटली, तशीच अमेरिकेत कातडीच्या रंगाने वाटली. हे वाटप तिथल्या खेळातही शिरले. ते मोडून काढण्यात काही प्रशिक्षकांचा मोठा वाटा आहे. घरात वाढती मुले असणाऱ्या प्रत्येक आईबापाने त्यांची हकिकत वाचावी अशी आहे.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि अडविणाऱ्याला अंगाने भिडतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. या अकरा जणांत एकाला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. डाव तो सांगतो, चेंडू पहिल्यांदा त्याच्या हाती येतो. समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते, की चेंडू कुणाकडे फेकायचा, स्वतः पळायचे की सोडून द्यायचे. म्हणून ही जागा डोक्याची आणि नेतृत्वाची मानली जाते.

‘पळायला चांगला, विचाराला नको’

नेमकी हीच जागा काळ्या मुलांना नाकारली जात होती. शाळा-कॉलेजात उत्तम क्वार्टरबॅक असलेला काळा मुलगा व्यावसायिक संघात आला, की त्याला सांगत, तू चपळ आहेस, तू चेंडू झेलायला जा. १९६८ साली डेन्व्हर संघाकडून मार्लिन ब्रिस्को या काळ्या तरुणाने पहिल्याच हंगामात फेकीवर १४ गोल चढविले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. तो दुसऱ्या संघात गेला आणि चेंडू झेलणारा झाला. वॉरन मून याला १९७८ साली एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तिथे आपल्या संघाला ओळीने पाच अजिंक्यपदे मिळवून दिली, तेव्हा कुठे १९८४ साली अमेरिकेचे दार उघडले.

आपल्याकडेही असेच घडले. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळणारा चर्मकार मुलगा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानात चेंडू सर्वांचा एकच, पण चहा मात्र त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात! एवढा थोर गोलंदाज असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला दिले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. बळी घ्यायला बाळू चालत होता, हुकूम सोडायला चालत नव्हता.

घंटा वाजविणारे गुरुजी

लुइझियाना राज्यात ग्रँबलिंग नावाचे काळ्यांचे कॉलेज आहे. १९४१ साली तिथे एडी रॉबिन्सन नावाचा बावीस वर्षांचा प्रशिक्षक आला. बाप वाट्याने शेती करणारा, आई लोकांच्या घरी कामाला जाणारी. स्वतः पशुखाद्याच्या गिरणीत मजुरी केलेला. मैदानावरचे गवत तोच कापी, चुन्याच्या रेघा तोच मारी. दक्षिणेतील हॉटेलांत काळ्यांना वाढत नसत, म्हणून प्रवासात पोरांसाठी पावाचे सँडविच तोच करी. पहाटे वसतिगृहातून घंटा वाजवीत फिरे, म्हणजे कुणी वर्ग बुडवू नये. १९९७ पर्यंत तो त्याच कॉलेजात राहिला आणि ४०८ सामने जिंकला.

जेम्स हॅरिस नावाचा उंचापुरा मुलगा त्याच्याकडे आला, तेव्हा रॉबिन्सन सरांनी ठरविले, की याला व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक करायचा. त्यांनी त्याला पळू दिले नाही. पळताना दिसलास, तर लोक तुला पळणाऱ्याच्या जागी ढकलतील. जागेवर उभा राहा, वाच आणि फेक, अशी शिकवण. एकच डाव अचूक होईपर्यंत पुन:पुन्हा करून घेतला.

१९६९ साली निवड झाली, तीही आठव्या फेरीत. हॅरिस खचला. जायचेच नाही म्हणाला. सरांनी त्याची समजूत घातली, की तू गेला नाहीस, तर मागून येणाऱ्या पोराची वाट आणखी अवघड होईल. हॅरिस गेला आणि बफेलो संघाच्या हंगामाचा पहिलाच सामना क्वार्टरबॅक म्हणून खेळला.

त्याच कॉलेजचा डग विल्यम्स १९७८ साली पहिल्या फेरीत निवडला गेला. जो गिब्ज नावाच्या गोऱ्या सहायक प्रशिक्षकाने ग्रँबलिंगला जाऊन त्याला जवळून पाहिले होते आणि ‘हा घ्याच’ असे कळविले होते. टँपा बे हा सतत हरणारा संघ. त्याने तो वर आणला, पण पगार इतर संघांतल्या राखीव खेळाडूंपेक्षाही कमी. १९८२ नंतर त्याने तो संघ सोडला. १९८३ साली मेंदूच्या गाठीने त्याची पत्नी गेली. मागे तान्ही मुलगी राहिली. पुढे वॉशिंग्टनच्या संघाने बोलाविले, तेव्हा तिथे मुख्य प्रशिक्षक तेच गिब्ज होते.

३१ जानेवारी १९८८. देशाचा अंतिम सामना. आदल्या दिवशी डगच्या दाढेवर उपचार झाले होते. पहिल्या पावातच गुडघा मुरगळला, संघ ०-१० ने मागे. गिब्ज यांनी त्याला बदलले नाही. दुसऱ्या पावात डगच्या चार फेकींवर चार गोल झाले आणि संघाने ३५ गुण केले. वॉशिंग्टन ४२, डेन्व्हर १०! सर्वोत्तम खेळाडू डग विल्यम्स. रॉबिन्सन सर ते पाहायला हजर होते. दहा वर्षांनी, १९९८ साली, त्यांच्या जागी ग्रँबलिंगचा प्रशिक्षक म्हणून डगच आला.

केव्हा उतरवायचे?

कोवळ्या क्वार्टरबॅकला मैदानात केव्हा उतरवायचे, हा प्रशिक्षकांपुढचा मोठा पेच असतो. २००२ साली ह्यूस्टनच्या नव्या संघाने डेव्हिड कार याला पहिल्याच दिवसापासून उभे केले. त्याला अडवून धरणारी समोरची फळी कच्ची होती. त्या एका हंगामात तो ७६ वेळा जमिनीवर आपटला गेला. सतत मार खाणारा मुलगा पुढे चेंडूकडे पाहत नाही, मार कुठून येतो ते पाहतो. कारची उमेद पुढे फुललीच नाही.

उलट २०१७ साली कॅन्सस सिटीच्या अँडी रीड यांनी पॅट्रिक महोम्स याला जवळजवळ वर्षभर बसवून ठेवले. अॅलेक्स स्मिथ हा जुना खेळाडू त्याच्या शेजारी बसून त्याला तयारी शिकवीत होता. आपली जागा हाच घेणार हे ठाऊक असूनही त्याने हात आखडला नाही. दुसऱ्या वर्षी महोम्सने फेकीवर ५० गोल केले.

परंतु बसविणे हाच एक उपाय नाही. १९९८ साली पेटन मॅनिंग पहिल्याच वर्षी सर्व सामने खेळला. २८ वेळा त्याचा चेंडू विरोधकांच्या हाती गेला, संघ १३ सामने हरला. प्रशिक्षकाने त्याला काढले नाही, चुका समजावून घेतल्या. पुढच्या वर्षी तोच संघ १३ सामने जिंकला.

लमार जॅक्सन याचे वडील तो लहान असतानाच वारले. आईने वाढविले, सरावही तिनेच करून घेतला. २०१८ साली त्यालाही जुनाच सल्ला मिळाला, की तू झेलणारा हो. तो ठाम राहिला. बाल्टिमोरचे जॉन हारबॉ यांनी त्याला जुन्या साच्यात कोंबले नाही. त्याच्या पायांचा आणि हाताचा दोन्हींचा उपयोग होईल असे डाव नव्याने रचले. २०१९ साली तो एकमताने देशाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

खाली बसवितानाही मान राखावा

जेलन हर्ट्स हा अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात संघ ०-१३ ने मागे पडला आणि मध्यंतराला प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला सर्वांदेखत बसविले. धाकट्या खेळाडूने सामना जिंकून दिला. हर्ट्स रुसून पळाला नाही. सरावाला येत राहिला, अभ्यास केला. डिसेंबरमध्ये तोच धाकटा खेळाडू जखमी झाला, हर्ट्स उतरला आणि हरत आलेला सामना जिंकला. त्याच महिन्यात त्याने पदवी घेतली, मग दुसऱ्या विद्यापीठात गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंतिम सामन्यात प्रथमच दोन्ही बाजूंना काळे क्वार्टरबॅक उभे राहिले, महोम्स आणि हर्ट्स. त्या दिवशी हर्ट्स हरला. २०२५ साली त्याच महोम्सच्या संघाला ४०-२२ ने हरवून तो सर्वोत्तम ठरला.

आपल्या घरात, आपल्या मंडळात

भगवान बुद्धांचा सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करून करून पायांतून रक्त काढी. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर सूर निघतो का? फार सैल सोडली तर निघतो का? उगवत्या पोराला घडविण्याचे मर्म यात आहे. कारला फार ताणले गेले.

आपल्या वस्तीतही मंडळाचे कबड्डीचे, क्रिकेटचे संघ आहेत. तिथे शिकविणारा दादा कामावरून थकून येतो आणि पोरे गोळा करतो. त्याने पोराला शिवी देऊन शिकवू नये. चूक झाली की बाजूला घेऊन सांगावे. नुसते पळवू नये, कधी त्यालाच कर्णधार करून डाव आखायला लावावे. आणि परीक्षेच्या दिवसांत मैदान बंद ठेवून रॉबिन्सन सरांसारखी घंटा वाजवावी.

आईबापांनीही ध्यानात ठेवावे. शाळेत, कार्यालयात, कारखान्यात आपल्या मुलाला कुणी म्हणेल, की तू मेहनतीच्या कामाला बरा, डोक्याचे काम दुसऱ्याला दे. त्या वेळी घरातून त्याला एवढे कळले पाहिजे, की ती जागा तुझीही आहे, तिची तयारी कर. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान नेते डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य मांडले होते. तिकडच्या पोरांची ही वाटचाल म्हणूनच आपल्या पोरांना सांगावी, रात्री जेवताना, सगळे एकत्र बसलेले असताना.

जयभीम!