चोरी झाली, पण वहीत चढली का?

वाचकहो, समजा कामठी तालुक्यातल्या तुमच्या विहिरीवरची मोटारीची केबल रातोरात चोरीला गेली. तुम्ही ठाण्यात गेलात, साध्या कागदावर अर्ज दिलात आणि घरी परतलात. चोरी झाली हे साऱ्या गावाला ठाऊक. पण सरकारी हिशेबात ती झालीच नाही! कारण हा हिशेब रीतसर नोंदलेल्या गुन्ह्यांचा, म्हणजे एफ.आय.आर.चा असतो.

ठाण्यातला आकडा जिल्ह्याकडे किंवा आयुक्तालयाकडे, तिथून पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जातो. दिल्लीचा हा विभाग १९८६ सालचा. देशाचा वार्षिक अहवाल मात्र १९५३ पासून निघतो. कामठीची जुनी व नवीन ही दोन्ही ठाणी नागपूर शहर आयुक्तालयात मोडतात, तर शेजारचा मौदा ग्रामीण पोलिसांकडे. म्हणजे तुमची केबल शेतातून गेली तरी चोरी शहराच्या खाती!

आता तुलना. कोणाला किती पोती झाली एवढ्यावरून आपण शेती जोखत नाही, एकरी उतारा विचारतो. तसेच इथे दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हे पाहतात. त्यातही मेख आहे. घरफोडी करताना चोराने खूनही केला, तर आपल्याकडे एकाच एफ.आय.आर.मधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतात. घरफोडी वेगळी दिसत नाही. स्वीडनमध्ये प्रत्येक गुन्हा वेगळा मोजतात. मग दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून काय कळणार? केरळचा दर अनेक वर्षे मोठा दिसतो, तो तिथे तक्रारी चोख नोंदल्या जातात म्हणूनही. कोरी वही पाहून गाव सुखी आहे असे मी तरी म्हणणार नाही.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले आहे. तेव्हा बैलजोडी गेली, मोटार गेली, तर जबाब वाचून घ्या, मगच सही करा आणि एफ.आय.आर.ची प्रत मागा. ती फुकट मिळते. विम्याच्या दाव्यालाही तीच लागते. ठाण्यात नकार मिळाला, तर हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. शहर हद्दीतल्या कामठीकरांनी ती उपायुक्तांकडे धाडावी आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी.