गाइलचें युद्धकौशल्य

जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९१ सालीं काढिलेल्या 'स्ट्रीट फायटर २' या खेळांतील गाइल या योद्ध्याचें मर्म सबुरींत आहे. दांडी क्षणभर मागें दाबून धरावी व एकदम पुढें लोटून ठोशाची कळ दाबावी, म्हणजे 'सॉनिक बूम' हें अस्त्र सुटतें. तशीच खालीं धरून वर लोटीत लाथेची कळ दाबिली, तर उडी घेऊन येणारा शत्रु कोसळतो. म्हणून जाणता खेळाडू दांडी मागें-खालीं तिरकी धरितो. तेणेंकरून दोन्ही डाव सज्ज राहतात आणि जमिनीवरील घावांपासून बचावही होतो. मात्र पुढें पाऊल टाकितांच ही सिद्धता नष्ट होते. यास्तव हलक्या ठोशाचें मंद अस्त्र सोडून त्याच्या आडोशानें थोडें सरावें व पुन्हां सिद्ध व्हावें. विद्यार्थिमित्रहो, उतावळा येथें हमखास हरतो. केव्हां थांबावें हें ओळखणें, हेंच खरें कौशल्य होय.